दुआनवू : पाचव्या महिन्याची पाचवी तिथी

दुआनवू हा चीनचा उन्हाळी सण तिथल्या पारंपरिक पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी येतो. बाहेरच्या जगात तो ‘ड्रॅगन बोटींचा सण’ म्हणून माहीत आहे, कारण नदीवरच्या शर्यती दुरून दिसतात आणि छायाचित्रांत उठून येतात. घरातल्या त्याच्या खुणा मात्र वेगळ्या आहेत. दाराला वेखंडाची पाने आणि दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीची जुडी अडकवलेली असते, मुलांच्या मनगटावर पाच रंगांचा दोरा असतो आणि चुलीवर पानात गुंडाळलेला चिकट तांदूळ तासन्‌तास शिजत असतो. या सणाचा उगम समजून घ्यायचा तर नदीच्या आधी घराच्या दारापाशी थांबावे लागते.

चिनी पंचांग मराठी पंचांगाप्रमाणेच चांद्र-सौर आहे. महिने चंद्रावर मोजले जातात आणि सूर्याशी मेळ राखण्यासाठी अधूनमधून अधिक महिना घातला जातो. अमावास्येचा दिवस हाच तिथे महिन्याचा पहिला दिवस असल्याने पाचवा दिवस मराठी पंचांगातल्या शुद्ध चतुर्थी-पंचमीच्या आसपास पडतो. बहुतेक वर्षी तो ज्येष्ठात येतो, क्वचित आषाढात, कारण दोन्ही पंचांगांतले अधिक महिने एकाच वेळी येतात असे नाही. इंग्रजी तारखांनी पाहिले तर २०२३ मध्ये हा सण २२ जूनला होता, २०२४ मध्ये १० जूनला आणि २०२५ मध्ये ३१ मे रोजी. वर्षातला सर्वांत मोठा दिवस ज्या महिन्यात येतो तो पाचवा महिना, असा चिनी पंचांगाचा नियम आहे. दुआनवूचा अर्थ या नियमाशी घट्ट बांधलेला आहे. नावातला ‘दुआन’ म्हणजे आरंभ आणि ‘वू’ हे कालगणनेच्या बारा चिन्हांपैकी सातवे चिन्ह. ते पाचव्या महिन्याला नेमून दिलेले आहे आणि दिवसाच्या बारा प्रहरांत ऐन माध्यान्हीलाही. म्हणूनच या सणाचे कितीतरी विधी भर दुपारी बारा वाजता करायचे असतात.

प्राचीन चिनी विचारात उन्हाळ्याचे अयन, म्हणजे हा सर्वांत मोठा दिवस, ही आनंदाची घटना नव्हती. यांग, म्हणजे उष्ण आणि प्रकाशमय तत्त्व, या दिवसांत शिखराला पोचते आणि तिथूनच यिन, म्हणजे शीत आणि अंधारे तत्त्व, हळूहळू वर येऊ लागते. ‘लीजी’ या कन्फ्यूशियन परंपरेतल्या ग्रंथात महिन्यामहिन्याचे आचार सांगणारे एक प्रकरण आहे. त्यात या महिन्यात दोन्ही तत्त्वे झुंजतात, जगणे-मरणे दोलायमान होते, म्हणून जाणत्या माणसाने संयमाने राहावे, साधे खावे, उतावळेपणा टाळावा असा उपदेश आहे. सामान्य लोकांना हे तत्त्वज्ञान माहीत असण्याची गरज नव्हती, कारण यांगत्से नदीच्या खोऱ्यात जून महिना काय करतो हे त्यांच्या अंगाला कळत होते. तिथे याच सुमारास संततधार पावसाचे दिवस येतात. हवा कोंदट होते, भिंतींना आणि कपड्यांना बुरशी धरते, धान्याला कीड लागते, डास वाढतात, साप आणि विंचू बिळातून बाहेर पडतात. ताप आणि हगवण लहान मुलांचे बळी घेत. पाचवा महिना ‘वाईट महिना’ ठरला तो या अनुभवातून. त्या महिन्यात छप्पर शाकारू नये, अंथरुणाच्या चटया उन्हात घालू नयेत असे निषेधही सहाव्या शतकातल्या नोंदींत सापडतात.

पाच तारखेची भीती तर इतकी होती, की त्या दिवशी जन्मलेले मूल वाढवू नये असे मानत. सिमा छिएन या इतिहासकाराच्या ‘शिजी’ या ग्रंथात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपास लिहिलेल्या इतिहासात, छी राज्यातल्या तिएन वेन याची हकीकत आहे. तो पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी जन्मला. असे मूल दाराच्या चौकटीएवढे उंच झाले की आईबापांना घातक ठरते, या समजुतीने वडिलांनी त्याला टाकून द्यायला सांगितले. आईने त्याला चोरून वाढवले. मोठा झाल्यावर त्याने वडिलांना विचारले, की माणसाचे नशीब आकाश ठरवते की दाराची चौकट? आणि चौकटच ठरवत असेल तर ती उंच करून घेतली की झाले. हाच मुलगा पुढे मंगछांग या नावाने त्या काळातला एक बलाढ्य सरदार झाला. ही समजूत पुढची हजार-बाराशे वर्षे तरी टिकली. बाराव्या शतकाच्या आरंभी राज्य करणारा सोंग घराण्याचा चित्रकार-सम्राट ह्वेइझोंग याच तिथीला जन्मला होता. त्याचा वाढदिवस बदलून दहाव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी साजरा केला जाई.

दुआनवूचे घरगुती विधी या भीतीला दिलेली उत्तरे आहेत. ती मुख्यतः वनस्पतींनी दिलेली आहेत, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यांतल्या काही फार जवळच्या वाटतील. दाराला लावतात त्यातले एक झाड म्हणजे वेखंड. मराठी घरांत बाळाच्या गुटीत आणि अंगाला लावायच्या पुडीत वापरतात तेच. महाराष्ट्रात उपयोग होतो तो त्याच्या मुळकांडाचा, चीनमध्ये मान मिळाला तो पानांना. दलदलीत उगवणारी ही लांब, दुधारी, टोकदार पाने तलवारीसारखी दिसतात म्हणून ती दाराबाहेरच्या अनिष्ट शक्तींना कापून काढतात अशी श्रद्धा. दुसरी वनस्पती ‘आय’. ज्योतिबाला वाहतात तो दवणा आणि ही आय वनस्पतिशास्त्राप्रमाणे एकाच प्रजातीसमूहातल्या, आर्टेमिसिया कुळीतल्या. आयच्या पानांच्या पाठीवर पांढरी लव असते. ती वाळवून, कुटून तिच्या वाती करतात आणि त्या जाळून अंगाच्या ठरावीक जागांना शेक देतात, ही चिनी वैद्यकातली जुनी उपचारपद्धती आहे. पाने जाळली की धुराने डास पळतात. मलेरियावरचे आर्टेमिसिनिन हे औषध मिळाले ते याच कुळीतल्या, पण वेगळ्या जातीच्या झाडातून. त्या शोधासाठी थू योयो यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दारावरच्या जुडीमागचे निरीक्षण सगळेच काही भाबडे नव्हते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

‘आय’ची पाने कधी माणसाच्या, कधी वाघाच्या आकारात बांधत. वाघ हा दुष्ट शक्तींना खाणारा, म्हणून स्त्रिया कापडाचे किंवा पानांचे चिमुकले वाघ केसांत माळत. या दिवशी डोंगरात जाऊन औषधी वनस्पती गोळा करण्याची प्रथाही फार जुनी आहे. माध्यान्हीला खुडलेल्या वनस्पतीत वर्षातला सर्वाधिक गुण असतो असे मानत. त्याच वेळी विहिरीतून काढलेले पाणी तैवानात अजून जपून ठेवले जाते. सुगंधी वनस्पती घालून उकळलेल्या पाण्याने स्नान करण्याची चाल हान काळापूर्वीपर्यंत मागे जाते. मुलांच्या गळ्यात रेशमी कापडाच्या, रंगीत धाग्यांनी भरतकाम केलेल्या पुरचुंड्या घालतात. त्यात वाळवलेल्या सुवासिक वनस्पतींची पूड असते, पूर्वी हिंगूळ आणि मनशीळही असे. घराघरांत मुली या पुरचुंड्या शिवत आणि एकमेकींच्या हाताची सफाई त्यावरून जोखत.

पाच रंगांचा दोरा हा या सणाचा जुना, लेखी पुरावा असलेला भाग. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस इंग शाओ या लेखकाने चालीरीतींवर लिहिलेल्या ग्रंथात या दिवशी दंडाला पंचरंगी रेशीम बांधतात, त्याने शस्त्र, भूत आणि साथीचा रोग यांपासून रक्षण होते, अशी नोंद केली आहे. निळा-हिरवा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि काळा हे पाच रंग म्हणजे पाच महाभूते आणि पाच दिशा, मध्य ही पाचवी. आजही आया सकाळी मूल उठायच्या आत त्याच्या मनगटावर हा दोरा बांधतात. सणानंतर तो कापून वाहत्या पाण्यात किंवा पावसात टाकतात, म्हणजे दुखणे त्याबरोबर वाहून जाते.

रक्षण करायचे ते विशेषतः ‘पाच विषां’पासून. साप, विंचू, गोम, भेक आणि पाल अशी ही यादी. काही भागांत पालीऐवजी कोळी येतो. गंमत अशी, की या पाच प्राण्यांची चित्रेच संरक्षणासाठी वापरली जातात. मुलांच्या अंगरख्यांवर ती भरलेली असतात, पाटावर कागदी कातरकामात दिसतात, बीजिंगमध्ये तर पाचही प्राण्यांचे ठसे उमटवलेल्या गोड पोळ्या मिळत. शत्रूचे चित्र हातात असले की त्याच्यावर ताबा येतो, हा त्यामागचा विचार. त्याच जोडीला राक्षसांचा कर्दनकाळ झोंग क्वेइ याचे दाढीवाले, डोळे वटारलेले चित्र भिंतीवर लागे.

या सगळ्यात धोक्याचा होता तो मनशिळेचा वापर. मनशीळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे नारिंगी-तांबडे खनिज. तिची पूड तांदळाच्या दारूत मिसळून मोठी माणसे पीत, घराच्या कोपऱ्यांत शिंपडत आणि लहान मुलांच्या कपाळावर त्याने ‘राजा’ या अर्थाचे अक्षर काढत, कारण वाघाच्या कपाळावरचे पट्टे तसे दिसतात. कीटक आणि साप मनशिळेला टाळतात ही समजूत पक्की होती. पण मनशीळ हवेत जुनी झाली किंवा तापली की तिच्यात तयार होणारा सोमल हे जहाल विष आहे. आता चिनी डॉक्टर ही दारू पिऊ नये असे बजावतात आणि बहुतेक घरांनी ती सोडली आहे. साहित्यात मात्र ती कायमची राहिली. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठी घडणाऱ्या श्वेतसर्पिणीच्या प्रसिद्ध लोककथेत माणसाचे रूप घेतलेली सर्पिणी पाय सुझेन दुआनवूच्या दिवशी नवऱ्याच्या आग्रहाने ही दारू घेते, तिचे खरे रूप उघड होते आणि नवरा भीतीने प्राण सोडतो. त्याला परत जिवंत करण्यासाठी ती संजीवक वनस्पती आणायला जाते. चिनी रंगभूमीवर या कथेचे प्रयोग दुआनवूच्या सुमारास आवर्जून होतात.

आज कोणत्याही चिनी शाळकरी मुलाला दुआनवूचे कारण विचारले तर तो या कशाचे नाव न घेता छ्यू युआनचे नाव घेईल. छ्यू युआन (सुमारे इसवी सनापूर्वी ३४० ते २७८) हा छू राज्यातला मंत्री आणि चीनचा पहिला मोठा कवी, ज्याचे नाव त्याच्या काव्यासह टिकून राहिले. तेव्हा चीन सात लढत्या राज्यांत विभागलेला होता आणि पश्चिमेचे छिन राज्य एकेकाला गिळत चालले होते. छिनवर विश्वास ठेवू नये, पूर्वेच्या छी राज्याशी मैत्री राखावी असा छ्यू युआनचा सल्ला होता. दरबारातल्या मत्सरी लोकांनी राजा ह्वाइचे कान भरले आणि तो दूर सारला गेला. पुढे छिनच्या निमंत्रणावरून भेटीला गेलेला राजा ह्वाइ तिथेच अडकवला गेला आणि इसवी सनापूर्वी २९६ मध्ये कैदेतच मेला. नव्या राजाच्या काळात छ्यू युआनला दक्षिणेकडे हद्दपार करण्यात आले. ‘ली साओ’ हे त्याचे दीर्घकाव्य या निष्ठा आणि अवहेलनेच्या दुःखातून आलेले आहे. इसवी सनापूर्वी २७८ मध्ये छिनचा सेनापती पाय छी याने छू राज्याची राजधानी यिंग जिंकली. परंपरेप्रमाणे त्याच वर्षी कवीने आजच्या हुनान प्रांतातल्या मिलुओ नदीत दगड कवटाळून उडी घेतली.

लोककथा पुढचे सांगते. काठच्या कोळ्यांना हे कळताच त्यांनी होड्या पाण्यात लोटल्या आणि त्याला शोधण्यासाठी जिवाच्या आकांताने वल्ही मारली. म्हणून शर्यती. माशांनी त्याच्या देहाला तोंड लावू नये म्हणून ढोल वाजवले, पाण्यात भात टाकला. म्हणून ढोल आणि म्हणून भाताचे पुडके. सहाव्या शतकाच्या आरंभी वू जुन याने लिहिलेल्या अद्भुतकथांच्या संग्रहात यात एक भर पडते. छ्यू युआनचा आत्मा छांगशा इथल्या एका माणसाला दिसला आणि म्हणाला, की तुम्ही टाकता तो भात पाण्यातला नागराज पळवतो, तेव्हा तो बकाण्याच्या पानांनी झाका आणि पंचरंगी दोऱ्याने बांधा, त्याला या दोन्हींची भीती वाटते. बकाणा म्हणजे महाराष्ट्रात रस्त्याकडेला दिसणारा, कडुनिंबाचा जांभळ्या फुलांचा भाऊबंद. ही कथा काळजीपूर्वक वाचली की तिचे काम लक्षात येते. रोगराईविरुद्धचा पंचरंगी दोरा आणि कीटकनाशक पान या आधीपासून चालत आलेल्या वस्तूंना ती कवीच्या मृत्यूत जागा देते.

इतिहासाचे म्हणणे याहून सावध आहे. छ्यू युआनचे सर्वांत जुने चरित्र त्याच ‘शिजी’त आहे, जिथे पाच तारखेला जन्मलेल्या तिएन वेनची हकीकत आहे. सिमा छिएनला त्या तिथीची भीती ठाऊक होती आणि कवीच्या मरणाबद्दल त्याला मनापासून कळवळाही होता. तरी मृत्यूची तिथी तो देत नाही, सणाचा उल्लेख करत नाही. कवी आणि तिथी यांची गाठ त्यानंतरच्या शतकांत बांधली गेली. सहाव्या शतकात झोंग लीन याने मध्य यांगत्से भागातल्या वर्षभराच्या चालीरीतींचे जे पुस्तक लिहिले त्यात होड्यांची शर्यत, दारावरची ‘आय’, पंचरंगी दोरा, औषधी वनस्पती आणि छ्यू युआन हे सगळे एकत्र दिसतात. त्याच पुस्तकात शर्यतीचा संबंध इतरांशीही जोडल्याची नोंद आहे.

ते इतर कोण, हे पाहणे उद्बोधक आहे. पूर्वेकडच्या वू प्रदेशात, म्हणजे आजच्या सुझोऊच्या परिसरात, दुआनवू वू झिश्यूचा मानला जातो. सुझोऊ नगरीची आखणी करणाऱ्या या मंत्र्याने युए राज्यापासून असलेला धोका राजा फूछाय याला परोपरीने सांगितला. राजाने त्याला इसवी सनापूर्वी ४८४ मध्ये आत्महत्येची आज्ञा दिली आणि प्रेत नदीत फेकले. म्हणजे छ्यू युआनच्या दोनशे वर्षे आधीचा, तितकाच निष्ठावंत आणि तितकाच अव्हेरलेला मंत्री. झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगजवळ आठवण काढतात ती छाओ अ या मुलीची. इसवी सन १४३ मध्ये तिचा देवऋषी बाप पाचव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी नदीच्या देवाचे स्वागत करताना बुडाला. प्रेत सापडेना, तेव्हा चौदा वर्षांची ही मुलगी काठावर दिवसरात्र रडत हिंडली आणि शेवटी तिने नदीत उडी घेतली. त्या नदीला तिचेच नाव आहे. आणखी एका मताप्रमाणे शर्यती म्हणजे युएचा राजा गौजिएन याने गुप्तपणे केलेला आरमारी सराव. छाओ अच्या हकिकतीत एक महत्त्वाची गोष्ट सहज येऊन जाते. दुसऱ्या शतकात, छ्यू युआनशी काही संबंध नसलेल्या प्रदेशात, त्याच तिथीला नदीवर होडीतून देवाचा विधी होत होता.

विसाव्या शतकातला कवी आणि संशोधक वन यिदुओ (१८९९–१९४६) याने हा धागा पकडून मांडले, की दुआनवू मुळात दक्षिणेच्या वू आणि युए लोकांचा ड्रॅगनपूजेचा सण होता. ड्रॅगन हा पाण्याचा आणि पावसाचा स्वामी. भात लावणीच्या तोंडावर त्याला प्रसन्न करणे भातशेती करणाऱ्या दक्षिणेला आवश्यक होते. त्याचा सिद्धांत सर्वांनी मान्य केलेला नाही, पण होड्यांचे प्राचीनत्व वादातीत आहे. निंगबोजवळ १९७६ मध्ये सापडलेल्या, लढत्या राज्यांच्या काळातल्या काशाच्या कुऱ्हाडीवर डोक्याला पिसे लावलेले चार वल्हेकरी एका होडीत ओळीने बसलेले कोरले आहेत आणि त्यांच्या वर दोन ड्रॅगन आहेत.

शर्यत हा रोगनिवारणाचा विधीही होता. मिंग काळाच्या अखेरीस यांग सिछांग (१५८८–१६४१) याने हुनानमधल्या आपल्या वूलिंग गावच्या शर्यतींचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. त्यात शर्यत अरिष्ट टाळण्यासाठी आणि वर्षाचे भविष्य पाहण्यासाठी होती हे तो स्पष्ट सांगतो. मांत्रिक बोलावले जात, होडीवर मंत्र घातले जात. जिंकणाऱ्या मोहल्ल्याचे वर्ष चांगले जाणार, हरणाऱ्यावर संकट येणार, अशी समजूत असल्याने हार फार जिव्हारी लागे आणि काठावर मारामाऱ्या होत. अनेक ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी शर्यतींवर बंदी घातली ती यामुळेच. हुबेईतल्या ह्वांगशीजवळ शीसाय इथे अजूनही बांबू आणि कागदाची ‘देवाची होडी’ बांधतात. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसापासून चाळीस दिवस तिचा उत्सव चालतो आणि पाचव्या महिन्याच्या अठराव्या दिवशी गावाची रोगराई घेऊन ती यांगत्सेत सोडली जाते.

होड्यांची सर्वांत जिवंत परंपरा दक्षिणेच्या ग्वांगदोंग प्रांतात पाहायला मिळते. पर्ल नदीच्या मुखाजवळच्या गावांत तीस मीटरहून लांब, साठ-ऐंशी वल्हेकरी घेणाऱ्या होड्या आहेत. टणक लाकडाच्या या होड्या वर्षभर पाण्याखालच्या गाळात पुरून ठेवतात, म्हणजे त्या सुकून तडकत नाहीत आणि वाळवी लागत नाही. चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवसाच्या सुमारास गावकरी गाळात उतरून त्यांना वर काढतात, फटाके वाजतात, होडी धुऊन तेल दिले जाते. ड्रॅगनचे लाकडी डोके मंदिरात किंवा कुळाच्या सभागृहात ठेवलेले असते. ते नाळेवर बसवून त्याचे डोळे रंगवले की होडीत प्राण आला असे मानतात. या भागात शर्यतीइतकेच महत्त्व एकमेकांच्या गावी होडीतून पाहुणे म्हणून जाण्याला आहे. यजमान गाव फटाक्यांनी स्वागत करते आणि शेकडो पानांची पंगत उठते. होडीवर बायकांनी पाऊल ठेवू नये असा दंडक होता. तो आता अनेक ठिकाणी मोडला आहे आणि स्त्रियांचे संघ शर्यतीत उतरतात. ग्वेइझोऊ प्रांतातल्या मियाओ लोकांच्या होड्या याहून निराळ्या. झाडाचे खोड कोरून केलेली एक मोठी ‘आई’ आणि तिच्या दोन बाजूंना बांधलेली दोन ‘लेकरे’, आणि वल्हेकरी उभ्याने वल्ही मारणारे. त्यांचा उत्सवही त्याच महिन्यात, पण चोवीस तारखेपासून.

सणाचे पक्वान्न झोंग्झ. तिसऱ्या शतकात झोऊ छू याने लिहिलेल्या ग्रंथात त्याचे जुने रूप आहे. पाणवठ्यावरच्या जंगली भाताच्या पानात राळ्यासारखे चिकट भरड धान्य गुंडाळून राखेच्या पाण्यात शिजवत, आणि ते दुआनवूला तसेच अयनाच्या दिवशी खात. छ्यू युआनचा तिथे मागमूस नाही, अयनाचा मात्र आहे. आजचे झोंग्झ चिकट तांदळाचे. बांबूची किंवा बोरूची रुंद पाने भिजवून मऊ करतात, दोन-तीन पाने एकावर एक ठेवून त्यांचा शंकू वळवतात, त्यात भिजवलेला तांदूळ आणि सारण भरतात, वरून पाने दुमडून चार कोनांचे घट्ट पुडके करतात आणि दोऱ्याने आवळतात. मग कित्येक तास उकडायचे. दोरा सैल राहिला तर पाणी आत शिरून भात फुटतो, फार आवळला तर मधला दाणा कच्चा राहतो, म्हणून जुन्या बायकांच्या हाताला मान असतो. कोकणात नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीच्या पानाचा वास लागतो तसा इथे बोरूच्या पानाचा वास भातात उतरतो आणि तोच झोंग्झचा खरा स्वाद.

सारणावरून उत्तर आणि दक्षिण यांच्यात प्रेमळ भांडण आहे. उत्तरेत झोंग्झ गोड. लाल बोरांसारखी जुजुबे किंवा तांबड्या घेवड्याचे गोड पुरण घालून, वर साखर लावून ते थंड खातात. दक्षिणेत ते खारे आणि तुपकट. डुकराचे मांस, बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा पिवळा बलक, मशरूम, चेस्टनट, सुकवलेली कोळंबी. झेजियांगमधले जियाशिंग शहर मांसाच्या झोंग्झसाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथली १९२१ मध्ये सुरू झालेली ‘वूफांगजाय’ ही पेढी आज कारखान्यातून झोंग्झ विकते. तैवानात बेटाच्या उत्तरेला तांदूळ आधी परतून वाफवतात, दक्षिणेला कच्चा तांदूळ भरून पाण्यात उकडतात, आणि कोणते खरे यावर दरवर्षी वाद रंगतो. राखेच्या पाण्याची जुनी आठवण दक्षिणेच्या पिवळसर, पारदर्शक, बिनसारणाच्या झोंग्झमध्ये टिकली आहे. ते काकवी किंवा मधाबरोबर खातात. यांगत्सेच्या मुखाकडच्या प्रदेशात झोंग्झबरोबर ‘पाच पिवळे’ पदार्थ असतात. त्यात पिवळा क्रोकर मासा, ईल मासा, काकडी, अंड्याचा बलक आणि ती मनशिळेची दारू. थांग काळातल्या राजवाड्यात तर ताटात पिठाचे छोटे गोळे ठेवून त्यांवर चिमुकल्या धनुष्याने बाण मारण्याचा खेळ होता. ज्याचा नेम लागेल त्याने तो गोळा खायचा, आणि गोळे गुळगुळीत असल्याने नेम सहसा लागत नसे.

चिनी संस्कृतीबरोबर हा दिवस शेजारी देशांत गेला आणि प्रत्येकाने त्यातले आपल्याला हवे ते घेतले. छ्यू युआन मात्र फारसा प्रवास करू शकला नाही. कोरियात ‘दानो’ला स्त्रिया वेखंड घालून उकळलेल्या पाण्याने केस धुतात, उंच झोपाळ्यांवर झोके घेतात आणि पुरुष कुस्ती खेळतात. व्हिएतनाममध्ये हा किडे मारण्याचा दिवस. सकाळी उठल्याबरोबर आंबवलेला चिकट भात आणि आंबट फळे खाल्ली की पोटातले जंत मरतात असे मानतात. जपानने १८७३ मध्ये सूर्यमानाचे पंचांग घेतल्यावर हा सण ५ मे रोजी साजरा होऊ लागला. तो मुलग्यांचा सण बनला होता आणि १९४८ पासून तो सर्व मुलांचा दिन म्हणून सुट्टीचा दिवस आहे. वेखंडाच्या पानांचे स्नान तिथे अजून केले जाते.

विसाव्या शतकात छ्यू युआनला नवे राजकीय आयुष्य मिळाले. जपानी आक्रमणाच्या काळात, १९४१ मध्ये, छोंगछिंग इथे जमलेल्या लेखकांनी दुआनवूला ‘कवी दिन’ म्हणून घोषित केले. पुढच्याच वर्षी ग्वो मोरुओ याचे ‘छ्यू युआन’ हे नाटक तिथे रंगमंचावर आले. विश्व शांती परिषदेने १९५३ मध्ये ज्या जागतिक सांस्कृतिक पुरुषांचे स्मरण केले त्यांत कोपर्निकसच्या बरोबरीने छ्यू युआन होता. सांस्कृतिक क्रांतीच्या वर्षांत जुन्या सणांवरच गदा आली आणि दुआनवू घरांच्या आत मिटला. शर्यतींना जागतिक रूप मिळाले ते हाँगकाँगमधून. तिथे १९७६ मध्ये स्थानिक कोळ्यांच्या संघांबरोबर जपानमधल्या नागासाकीचा संघ उतरला आणि या खेळाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. १९९१ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१० च्या ग्वांगझोऊ आशियाई खेळांत तो पदकांचा खेळ होता. स्पर्धेची ठरावीक होडी सुमारे बारा मीटर लांब असते. तिच्यात वीस वल्हेकरी, एक ढोलवाला आणि एक सुकाणू धरणारा असतो.

चीनमध्ये सणाकडे सरकारचे लक्ष वळण्याला एक बाहेरचे निमित्त झाले. दक्षिण कोरियातल्या गांगनंग शहराच्या ‘दानो’ उत्सवाला युनेस्कोने २००५ मध्ये मान्यता दिली. त्या उत्सवात पर्वतदेवतेची पूजा, मुखवट्यांचे नाटक आणि शमनांचे विधी असतात. तो चिनी दुआनवूहून बराच वेगळा आहे, तरी आपला सण दुसऱ्याने नेला अशी तीव्र भावना चिनी वृत्तपत्रांत उमटली. २००८ पासून चीनमध्ये दुआनवू सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला आणि २००९ मध्ये तो युनेस्कोच्या मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत दाखल झाला. या नोंदणीत चार ठिकाणच्या परंपरा एकत्र घेतल्या आहेत. हुबेईतले झिगुई, जे छ्यू युआनचे जन्मस्थान मानले जाते. हुनानमधली मिलुओ, जिथे तो बुडाला. सुझोऊ, जिथे दुआनवू वू झिश्यूचा आहे. आणि ह्वांगशीचे शीसाय, जिथे रोगराईची होडी नदीत सोडतात.